दोघांपुरती बटरमिल्क बिस्किटं घरच्या ओटीजीत कशी करावीत? ताक घालून केली तर चपटी आणि घट्ट का होतात?

तुम्ही विचारताय ती बिस्किटं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली. तिथे नाश्त्याला गरमगरम खातात, मधे फोडून लोणी किंवा पाक लावून. आपल्या चहात बुडवायच्या बिस्किटाशी त्यांचं नावापुरतंच नातं आहे. वरून किंचित खरपूस, आत पावापेक्षा भुसभुशीत, आणि बाजूने पाहिलं तर पदर सुटलेले, असं ते बिस्किट असायला हवं.

तुमचं वर्णन वाचून मला दोन कारणं दिसतात. एक, ताक पातळ होतं. दोन, पीठ मळलं गेलं. दुसरं कारण जास्त मोठं आहे. पोळ्या करणाऱ्या हाताला ओलं पीठ दिसलं की ते एकजीव करून मऊसूत मळावंसं वाटतं, आणि इथे नेमकं तेच करायचं नाही.

चार बिस्किटांचं प्रमाण असं: मैदा ११० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खाण्याचा सोडा चमच्याचा आठवा भाग (दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढा), साखर १ चमचा, थंडगार बटर ४५ ग्रॅम, आणि साधारण ९५ ग्रॅम ‘बटरमिल्क’. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा, सपाट भरलेला. मीठ बटरवर ठरतं. बटर बिनमिठाचं असेल तर पाव चमचा मीठ घाला, नेहमीचं खारं पिवळं बटर असेल तर फक्त चिमूटभर. शक्य असेल तर वजनकाट्यावर मोजा. एवढ्या थोड्या पिठात वाटी दाबून भरली की १५-२० ग्रॅम मैदा सहज जास्त जातो आणि सगळं गणित कोरडं होतं.

कॉर्नफ्लोअर कशाला, तर तिथली बिस्किटं मऊ हिवाळी गव्हाच्या पिठाची असतात. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेलं ‘व्हाइट लिली’ हे पीठ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यात प्रथिनं कमी, साधारण ८-९ टक्के. आपल्या मैद्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे बहुधा १० ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. प्रथिनं जास्त म्हणजे चिवटपणा जास्त. थोडा स्टार्च मिसळला की तो चिवटपणा खाली येतो.

आता ताकाचं. अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क हे विरजण लावून आंबवलेलं दूध असतं, कढीसारखं दाट आणि आंबट. आपलं ताक म्हणजे पाणी घालून घुसळलेलं. ते ९५ ग्रॅम ओतलं की पाणी जास्त होतं आणि आंबटपणा कमी पडतो. पीठ पसरतं आणि सोड्याला काम करायला पुरेसं आम्ल मिळत नाही. म्हणून ६५ ग्रॅम घट्ट, एक दिवसाचं आंबटसर दही घ्या, त्यात ३० मिली गार पाणी घालून रवीने किंवा काट्याने गुठळ्या मोडा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दही नसेल तर ८५ मिली दुधात १ चमचा लिंबाचा रस पिळून १० मिनिटं ठेवलं तरी भागतं. पण ते पातळ असतं, म्हणून सगळं एकदम ओतू नका.

बटरचे छोटे तुकडे करून १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. एप्रिल-मे असेल तर मैद्याचं भांडंही फ्रीजमध्ये जाऊ द्या. या सगळ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. बटरचे चपटे तुकडे पिठात अखंड राहिले तर भट्टीत ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. चिरोट्यात साटा जसा पदर वेगळे ठेवतो, तसंच थोडंफार. बटर आधीच वितळून मैद्यात मुरलं तर उचलायला काही उरत नाही. तूप घालून हे जमणार नाही, कारण तुपात पाणीच नसतं. नानकटाईसारखी खुसखुशीत वडी होईल, पदर सुटणार नाहीत. घरचं लोणी चालतं, पण ते दोनदा गार पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढून, कडक गोठवलेलं हवं, आणि मग दह्याचं मिश्रण चमचाभर कमी घ्या.

ओटीजी आधी लावा. २२० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, किमान १५ मिनिटं. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती अजून तापायच्या असतात.

कोरडं सगळं एकदा चाळा. बटरचे तुकडे त्यात टाकून बोटांच्या टोकांनी चपटे करा, तळवा लावू नका, तळव्याची ऊब फार असते. काही तुकडे तुरीच्या डाळीएवढे, काही वाटाण्याएवढे, असं असमानच हवं. गोठलेलं बटर जाड किसणीवर किसलं तर हे काम मिनिटभरात होतं, आणि सुरुवातीला मी तरी तसंच करायला सांगेन. मग मधे खळगा करून दह्याचं मिश्रण ओता, दोन चमचे मागे ठेवा, आणि काट्याने १०-१२ वेळा हलवा. इतकंच. आता परातीत जे दिसेल ते ओबडधोबड, कुठे कोरडं, कुठे चिकट, बटरचे पिवळे ठिपके दिसणारं असेल. हेच बरोबर आहे. तळाशी सुकं पीठ फारच उरलं असेल तरच ते दोन चमचे घाला.

ओट्यावर मैदा भुरभुरून हे सगळं काढा आणि हातानेच थापून बोटभर जाडीचा आयत करा. पत्राची घडी घालतो तशी तीन पदरी घडी घाला, काटकोनात फिरवा, पुन्हा थापा. असं तीन वेळा. पहिल्या घडीला ते मोडेल, घाबरू नका, तिसऱ्या घडीपर्यंत आपोआप धरून येतं. लाटणं घेऊ नका, दाब जास्त पडतो. शेवटी १० सेंटिमीटरचा चौरस, जाडी अडीच सेंटिमीटर.

कापण्याबद्दल माझं मत ठाम आहे: थोडी करायची असतील तर गोल कापूच नका. गोल कापलं की कडेचे तुकडे उरतात, ते परत गोळा करून थापलेलं बिस्किट नेहमी घट्ट होतं, आणि चारात एक घट्ट म्हणजे चौथा हिस्सा वाया. धारदार सुरीने चारही कडा अगदी दोन-तीन मिलिमीटर काढून टाका, कारण घडीची बंद कड फुलायला अडते, मग अधिकच्या खुणेसारखे दोन काप द्या. सुरी सरळ खाली दाबा, ओढू नका. वाटी किंवा ग्लास फिरवून कापल्यावर बिस्किटं एका बाजूला कलतात तीही याचमुळे, थरांची तोंडं चिकटून बसतात.

तुकडे एकमेकांना टेकवून ठेवा. मोकळे ठेवले तर ते बाजूला पसरतात. टेकलेले असले की एकमेकांना धरून वर चढतात. बिडाचा छोटा तवा असेल तर फार उत्तम, अमेरिकेच्या दक्षिणेत बऱ्याचदा बिडाचंच भांडं वापरतात. वरून थोडं दूध लावा, पण कडांवरून ओघळू देऊ नका. खोली गरम असेल तर भाजण्याआधी १० मिनिटं फ्रीझरमध्ये.

१४ ते १६ मिनिटं लागतात. लहान ओटीजीत वरची कॉइल जवळ असल्याने दहाव्या मिनिटालाच वरून लाल होऊ लागलं तर ती बंद करून खालच्या कॉइलवर पुरं करा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये २०० अंशाला १६-१८ मिनिटं. बाजूचे थर ओलसर, चमकते दिसत असतील तर अजून दोन मिनिटं द्या.

बटर भांड्यात वितळून तळाशी साचलं तर पीठ गरम होतं किंवा भट्टी थंड होती. साबणासारखी चव आणि तपकिरी ठिपके आले तर सोडा जास्त झाला किंवा चाळला नव्हता. अजिबातच फुगली नाहीत तर बेकिंग पावडर तपासा: चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, लगेच खळखळून फेस आला पाहिजे.

ही बिस्किटं त्याच दिवशी खायची. दोनच हवी असतील तर उरलेले दोन कच्चे तुकडे ताटलीत कडक गोठवून डब्यात भरा, महिनाभर टिकतात. तसेच गोठलेले भट्टीत टाका, फक्त ३-४ मिनिटं जास्त.

तिथे यांच्यावर सॉर्गम सिरप घेतात, म्हणजे गोड ज्वारीच्या ताटांचा रस आटवून केलेला पाक. त्याच्या सगळ्यात जवळची आपल्याकडची गोष्ट काकवी. बिस्किट सुरीने न कापता हाताने दोन भागांत उकला, लोणी लावा आणि वर काकवी सोडा.