सरपंच गेले कुठे? मुलांचे प्रश्न, आपली उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही आंबेगाव बुद्रुकला राहतो. मुलगा पाचवीत आहे, ग्रामपंचायत-पंचायत समिती-जिल्हा परिषद असा तक्ता त्याने घडाघडा पाठ केलाय. पण परवा आजोबा बोलता बोलता म्हणाले, पूर्वी पाणी नाही आलं की आम्ही सरपंचाच्या दारात जायचो, तर हा म्हणतो मग आता सरपंच गेले कुठे? मला काही नीट सांगता येईना. कसं समजावू? – एक आई

उत्तर : अहो, किती नेमकं विचारलंय त्याने! तक्ता ठेवा बाजूला आणि आजोबांनाच बसवा समोर, कारण या धड्याचं खरं पुस्तक तेच आहेत.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात तुमचं आंबेगाव बुद्रुक, शेजारचं आंबेगाव खुर्द, उंड्री, शिवणे अशी होती. गाव महापालिकेत आलं की ग्रामपंचायत संपते, मग सरपंच पण संपले आणि ग्रामसभा पण. घर तेच, आजोबा तेच, पण त्यांचं स्थानिक सरकार बदललं. आधी ते पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला पण मत द्यायचे, आता ते मत नाही, कारण जिल्हा परिषद ग्रामीण भागासाठी असते. हे कितीतरी मोठ्या माणसांनाही माहीत नसतं हो! आणि ही हद्द काही दगडावरची रेघ नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची त्याच वेळी आत आली होती, पुढे ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मुलाला नकाशावर पेन्सिलीने ही रेघ काढू द्या, खोडू द्या, परत काढू द्या, मग डोक्यात बसेल.

मुलांचा खरा गोंधळ होतो तो दुसरीकडे, निवडून आलेले कोण आणि नोकरीवर असलेले कोण. इथे मी कायम सोसायटीचं उदाहरण देते. कमिटी आपण निवडतो, ती मीटिंगमध्ये ठरवते की यंदा टाकी दुरुस्त करायची का रंग काढायचा, आणि मॅनेजर पगारावर असतो, तो ते काम करून घेतो. नगरसेवक म्हणजे कमिटी, महापौर नगरसेवकांनी आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी निवडलेला, आणि आयुक्त म्हणजे तो मॅनेजर, राज्य सरकारने पाठवलेला आयएएस अधिकारी. गावाकडे सरपंच निवडून येतो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) पगारावर असतो. मेंटेनन्स म्हणजे मिळकत कर. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

हा मिळकत कराचा कागद मात्र मुलांच्या हातात द्याच. माझ्या भाचीला दिला तेव्हा ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली, सफाई, अग्निशमन, आणि मग एकदम थांबली, मावशी झाडांचा पण कर? हो, वृक्ष कर. मग ती खिडकीशी गेली आणि समोरच्या गुलमोहराकडे बघत म्हणाली, याला पाणी आपण घालतो का? त्या एका ओळीवर आमची अर्धा तास चर्चा चालली, तिला कर म्हणजे काय ते परत कधी सांगावं लागलं नाही.

मग नळ सोडा आणि विचारा हे पाणी कुणाचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं राज्याच्या जलसंपदा खात्याची, पाणी शुद्ध करून घरोघरी पोचवायचं काम महापालिकेचं, आणि पंप चालवणारी वीज महावितरणची म्हणजे परत राज्याची. एका ग्लासात तीन हात आहेत. बस पीएमपीची, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांची मिळून. चौकातले पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. मुलांना सगळं पाठ नाही करायचं, हे कुणाचं एवढं विचारायची सवय लागू दे.

आणि एक गोष्ट सांगाच. १८७६ मध्ये महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता, त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचे असं ठरत होतं, ३२ सभासदांपैकी फुले एकटे विरोधात उभे राहिले, लोकांचा पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. स्थानिक सरकार म्हणजे काय हे मुलांना यापेक्षा नीट मी तरी सांगू शकत नाही. पैसा आपला, तो कशावर जावा हे सभेत ठरतं, आणि तिथे नाही म्हणणारं एक माणूस लागतं.

प्रश्न : माझी मुलगी विचारते कलेक्टर मोठे का महापौर मोठे? – एक बाबा, वारजे

उत्तर : मोठं-लहान असं नाहीच हो, कामं वेगळी. कलेक्टर राज्य सरकारचे, त्यांच्याकडे महसूल, जमिनीची कागदपत्रं, पूर-बिर आला तर सगळ्या यंत्रणांना एकत्र आणणं. त्यांना कुणी मत देत नाही. जिल्हा परिषदेत निवडून आलेले अध्यक्ष असतात आणि कारभार बघायला सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, ते कलेक्टरपेक्षा वेगळे, या दोघांत हमखास गल्लत होते. आणि मुलीला घेऊन कधी कॅम्पात गेलात तर सांगा की तिथला, लष्करी छावणीचा कारभार बघणारं कॅन्टोन्मेंट बोर्ड म्हणजे अजून तिसरीच व्यवस्था, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते.

प्रश्न : मी सहावीत आहे. मत द्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात. मग तोपर्यंत आम्ही काहीच करू शकत नाही का?

उत्तर : अगं करू शकतेस की! आमच्या गल्लीतला एक दिवा बंद होता, क्लासवरून येताना मुली त्या तुकड्यात पळतच यायच्या. भाची वहीपेन घेऊन खाली गेली, खांबावर रंगवलेला नंबर उतरवून आणला, तिच्या आईने त्या नंबरासकट तक्रार टाकली. नंबर दिला की कुठला खांब हे शोधत बसावं लागत नाही. काही दिवसांत दिवा लागला. वयाची अट कुठे आली यात?

दुसरं म्हणजे पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना बजेटसाठी कामं सुचवता येतात, बाक, फुटपाथ, दिवे, बसथांबा असली आपल्या भागातली छोटी कामं. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, तुझं कुठलं ते आधी शोध. फॉर्म आईबाबांच्या नावाने भर, पण काम तू निवड, जागा स्वतः पावलांनी मोजून ये आणि फोटो काढून ठेव. सगळीच कामं मंजूर होत नाहीत, हे आधीच सांगते. नाही झालं तर पुढच्या वर्षी परत भर.

आणि यंदा जानेवारीत आईबाबा मत देऊन आले ना, त्यांना विचार किती बटणं दाबली. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात म्हणून चार मतं, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी एकेक. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून २०२६ पर्यंत आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. तू दुसरीत होतीस तेव्हापासून! आता चौघं आहेत, त्यांची नावं वहीत लिही, आणि आईबाबांना ती न बघता सांगता येतात का बघ.