‘कोड स्निपेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : मोबाइल ॲप आणि बॅकएंड (ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारा भाग) या दोन्ही प्रकारच्या कामांत वारंवार लागणारे ‘कोड स्निपेट्स’, म्हणजे प्रोग्राममध्ये उचलून घालता येतील अशा थोड्या तयार ओळी, मराठी टिपणांसह एकत्र केले आहेत, त्या संग्रहाला ‘पुनर्वापरक्षम संकेत-खंड’ हे नाव द्यावे, की ‘स्निपेट’ हाच शब्द ठेवावा? आणि ठेवलाच, तर तो स्निपेट, ती स्निपेट की ते स्निपेट?

सुचवलेल्या नावातील विशेषण मला प्रथम खटकते. ‘क्षम’ हे उत्तरपद करणाऱ्याचे सामर्थ्य सांगते. कार्यक्षम मनुष्य म्हणजे कार्य करण्यास समर्थ असलेला मनुष्य. त्या न्यायाने ‘पुनर्वापरक्षम’ हे विशेषण पुनर्वापर करणाऱ्या प्रोग्रामरला शोभेल, ज्याचा वापर व्हायचा त्या कोडला नव्हे. ‘पुनर्वापरयोग्य’ निर्दोष आहे, पण ‘पुन्हा वापरण्याजोगा’ अधिक बोलका वाटतो. त्यातला ‘जोगा’ हा ‘योग्य’चाच तद्भव अवतार असल्यामुळे अर्थात काहीही उणे पडत नाही. ‘संकेत-खंड’ मात्र मी सोडून देईन. ‘संकेत’ म्हटले की मराठी वाचकाला खूण, ठरलेली रीत किंवा संकेतस्थळ आठवते, आणि ‘खंड’ म्हटले की ग्रंथाचा भाग, भूखंड किंवा पावसाने दिलेली उघडीप. चार ओळींच्या मजकुराला ‘खंड’ म्हटल्यास वाचक उरलेले खंड कुठे आहेत, असे विचारील.

शब्द निवडण्यापूर्वी वस्तू नेमकी काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण घोळ तिथेच आहे. फंक्शन (नाव दिलेला कोडचा भाग) किंवा लायब्ररी (अशा भागांचा तयार संच) आपण बाहेरून हाक मारून वापरतो; तिचा मजकूर तिच्या जागीच राहतो. स्निपेट आपण उचलून स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून घेतो, आणि त्या क्षणापासून ती प्रत आपली होते. हा भेद केवळ शास्त्रापुरता नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, तेव्हा त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबलेल्या असंख्य जावास्क्रिप्ट प्रकल्पांची बांधणी अडली. त्याच ओळी ज्यांनी स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून घेतल्या होत्या, त्यांना काहीच जाणवण्याचे कारण नव्हते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाइटांची संख्या माणसाला वाचता येईल अशा रूपात दाखवणारे जावातील एक स्निपेट २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दिले गेले आणि पुढे ते तिथून सर्वाधिक उचलल्या गेलेल्या जावा स्निपेटांत गणले गेले. २०१९ मध्ये त्याच्या लेखकानेच जाहीर केले की त्यात दोष आहे : ९,९९,९९९ बाइटांसाठी ते ‘१.० एमबी’ऐवजी ‘१०००.० केबी’ दाखवते. लायब्ररीत हा दोष एकदा दुरुस्त केला की नवी आवृत्ती घेणाऱ्या सर्वांचे काम झाले असते. उतरवून घेतलेल्या प्रतींपर्यंत मात्र ती दुरुस्ती आपोआप पोहोचत नाही. प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये ती करावी लागते.

म्हणून मराठी शब्दात हे ‘उतरवून घेणे’ यायला हवे. ‘कात्रण’ हा शब्द व्युत्पत्तीने सर्वांत जवळचा आहे, कारण इंग्रजी शब्दाच्याही मुळाशी कातरण्याचीच क्रिया आहे. परंतु वर्तमानपत्राचे कात्रण कापले की मूळ पानाला भोक पडते, आणि कोडच्या बाबतीत तसे होत नाही. ‘तुकडा’ बोलण्यात चांगला चालतो, फक्त त्यातून काहीतरी मोडल्याची छटा जात नाही. माझी पसंती ‘उतारा’ या शब्दाला आहे. सातबाराचा उतारा घेताना मूळ नोंद दप्तरात जशीच्या तशी राहते आणि आपल्या हाती येते ती तिची नक्कल; त्या नोंदीत नंतर फेरफार झाला, तर आपल्या हातातला कागद बदलत नाही. वरच्या बाइटांच्या उदाहरणात नेमके हेच घडले.

महसुलाच्या याच परिभाषेतून आणखी एक उपयोगी शब्द मिळतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. नमुना म्हणजे रकाने आखलेला, भरायचा तक्ता. कोड लिहिण्याच्या संपादक-प्रणालींमधील पुष्कळशी स्निपेटे अशीच असतात. मोबाइल ॲप बनवण्याच्या फ्लटर या साधनसंचाचे विस्तार-साधन घातलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात ‘stless’ एवढी अक्षरे टाइप करून सूचना निवडली की स्टेटलेस विजेटचा (पडद्यावरच्या एका साध्या घटकाचा) सबंध क्लास उमटतो आणि कर्सर त्याचे नाव भरायच्या जागी येऊन थांबतो. स्वतःचे स्निपेट लिहिताना या रिकाम्या जागा डॉलरच्या चिन्हापुढे एक, दोन असे आकडे घालून दाखवतात, आणि शून्य हा आकडा कर्सरचा शेवटचा मुक्काम ठरवतो. अँड्रॉइड स्टुडिओ या दुसऱ्या संपादकात याच सोयीला ‘लाइव्ह टेम्प्लेट’ म्हणतात. अशा भरायच्या मजकुराला ‘नमुना’ म्हणावे, आणि वापरकर्त्याची ओळख पटवणारे टोकन तपासणे किंवा डेटाबेसमधून एकेक पानापुरत्या नोंदी आणणे यांसारख्या बॅकएंडमधील तयार ओळींना ‘उतारा’. ‘साचा’ही चालला असता, परंतु मराठी विकिपीडियाने तो शब्द आपल्या टेम्प्लेटांसाठी रूढ केला आहे आणि ते साचे हाक मारून वापरले जातात, उतरवून घेतले जात नाहीत.

एका जागी मात्र जपावे लागेल. ‘उतारा’ म्हणजे विषावरचा उपायही, आणि ‘कोड’ हे नपुंसकलिंगी नाम त्वचेवरील पांढऱ्या डागांसाठी मराठीत पूर्वीपासून आहे. ‘कोडाचा उतारा’ असे सामान्यरूप केले, तर शीर्षक वैद्याच्या पाटीसारखे वाचले जाईल. संगणकाचा तो कोड पुल्लिंगी ठेवावा आणि विभक्ती थेट लावून ‘कोडचा उतारा’ किंवा ‘कोड-उतारा’ असे लिहावे. कोडकौतुकातले कोडही मग आपोआप दूर राहते.

आता लिंगाविषयी. प्रोग्रामर आपसांत ‘स्निपेट’च म्हणतात आणि केवळ त्यांच्यासाठी असलेल्या टिपणांत तोच शब्द ठेवण्यास माझी हरकत नाही. इंग्रजीतून आलेली याच धाटणीची नामे मराठीत बहुधा नपुंसकलिंगी झाली आहेत : तिकीट, पाकीट, बिस्कीट, रॉकेट, जॅकेट, ऑम्लेट. टॅबलेट आणि बुलेट स्त्रीलिंगी झाल्या, त्या मराठीतल्या ‘गोळी’च्या प्रभावाने असाव्यात. स्निपेटावर असा कोणाचा प्रभाव नाही, म्हणून ‘ते स्निपेट’. सामान्यरूपात ‘तिकीट’चे ‘तिकिटा-’ होताना ईकार ऱ्हस्व होतो, तशी भानगड इथे नाही; ‘स्निपेटात’, ‘स्निपेटांची’ ही रूपे सरळ होतात. अनेकवचनी ‘स्निपेटे’ आज कानाला थोडे नवे वाटेल, पण आपण दोन ‘तिकिट्स’ काढत नाही, तेव्हा मराठी वाक्यात ‘स्निपेट्स’ लिहिण्याचेही कारण दिसत नाही.

प्रश्नातला संग्रह नव्याने शिकणाऱ्यांसाठीही असेल, तर शीर्षक ‘मोबाइल ॲप व बॅकएंडसाठी पुन्हा वापरण्याजोगे कोड-उतारे’ असे करावे आणि पहिल्याच टिपणात यांनाच प्रोग्रामर ‘स्निपेट’ म्हणतात, एवढे सांगून टाकावे.