आई-बाप बदलले की मक्याचे दाणे वेगळे का दिसतात?

तुमचा प्रश्न असा आहे: जांभळ्या दाण्याच्या मक्यावर बिनरंगी मक्याचा पराग टाकला तर दाणे गच्च जांभळे निघतात आणि उलटा संकर केला तर ठिपकेदार. जनुकं दोन्हीकडे तीच, मग फरक कुठून आला? आणि आई-बापांची अदलाबदल केली तरी संकराचं फळ सारखंच येतं असं सांगणारा मेंडेल इथे चुकला का?

आधी एक खात्री करून घ्या. दाण्यावरचं साल हा आईच्या शरीराचा भाग, त्यात बापाचं काहीही नसतं. रंग सालात असेल तर त्यावर बाप कोण होता हे कळणारच नाही. ठिपके दिसताहेत म्हणजे तुमच्याकडे तसं नसावं, पण शिकत असताना मी यात एकदा सपशेल फसलोय, म्हणून सांगतो. दाणे रात्रभर भिजवा आणि नखाने साल सोला. साल पारदर्शक निघालं आणि रंग खालच्या थरावर राहिला, तर गंमत पुढे आहे.

तो खालचा थर म्हणजे अ‍ॅल्युरॉन, भ्रूणपोषाचा सगळ्यात बाहेरचा पदर. भ्रूणपोष म्हणजे वाढत्या भ्रूणाची शिदोरी. सपुष्प वनस्पतींत फलन दोनदा होतं, हे सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलं. परागनलिकेतून दोन पुंबीजं उतरतात. एक अंडपेशीला मिळतं, त्याचा भ्रूण होतो. दुसरं मध्यपेशीला मिळतं. तिच्यात आईच्या जनुकांचे आधीच दोन संच असतात, त्यामुळे भ्रूणपोषात आईचे दोन आणि बापाचा एक असा हिशेब बसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की! रंगाचं जनुक आईकडून आलं तर दोन प्रती, बापाकडून आलं तर एकच, म्हणून रंग फिका. दिसायला चोख उत्तर आहे. जेरी केर्मिकल यांनी 1970 मध्ये ते तपासलं. मक्यात गुणसूत्रांची अदलाबदल झालेले काही वाण आहेत. त्यांचा पराग वापरला तर बापाकडूनही भ्रूणपोषात दोन प्रती पाठवता येतात. त्यांनी ‘आर’ या रंगाच्या जनुकाच्या तशा दोन प्रती बापाकडून पाठवल्या. दाणे तरीही ठिपकेदारच! म्हणजे मुद्दा किती प्रती आल्या हा नव्हता, त्या कुणाकडून आल्या हा होता. यालाच जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात. सस्तन प्राण्यांत हे उंदरांवर सिद्ध झालं ते 1984 मध्ये, म्हणजे मका बराच पुढे होता.

जनुकाची अक्षरं दोन्हीकडे सारखीच असतात, वेगळ्या असतात त्या डीएनएवरच्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या तणात ‘डीमीटर’ नावाचं एन्झाइम आहे. फलनाआधीच ते मध्यपेशीत काही ठिकाणच्या या खुणा काढून टाकतं. पुंबीजातल्या प्रतीवर खुणा तशाच राहतात. फलनानंतर दोन्ही प्रती एकाच केंद्रकात शेजारी असतात, पण एक बोलते आणि दुसरी गप्प. मक्यातल्या ‘आर’लाही अशाच एका एन्झाइमची गरज लागते.

इथवर प्रकरण रंगाचंच आहे, पण बी जगतं की मरतं हेही यावर ठरतं. अरॅबिडॉप्सिसमधलं ‘मेडिया’ हे जनुक घ्या. ग्रीक पुराणात मेडियाने स्वतःची मुलं मारली, नाव तिथूनच आलं. या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असलेल्या झाडाची कोवळी शेंग सुईने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की निम्मी बीजं हिरवी, टपोरी आणि निम्मी पांढरट पडून चिपाडत चाललेली दिसतात. साधा अप्रभावी दोष असता तर चारातलं एक बी गेलं असतं. इथे आईकडून बिघडलेली प्रत आली की बी गेलंच. बापाची प्रत धडधाकट असली तरी गप्प असल्यामुळे तिचा उपयोग होत नाही.

याहून मला आवडतो तो संचांचा प्रयोग. अरॅबिडॉप्सिसमध्ये आई द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) आणि बाप चतुर्गुणित (चार संच असलेला) घ्या, मग उलट करा. दोन्ही वेळा भ्रूणात तीनच संच. तरी बापाचं पारडं जड असलं की भ्रूणपोषात पेशीभित्ती उशिरा बनतात आणि बी मोठं होतं (काही वाणांत ते सुरकुतून मरतं). आईचं जड असलं की भित्ती लवकर बनतात आणि बी लहान राहतं. भ्रूण सारखेच, फरक फक्त शिदोरीत.

हे असं का घडलं असावं? डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांचं म्हणणं असं, की एका झाडावरच्या बियांचे बाप वेगवेगळे असू शकतात. आईला सगळ्यांना वाटून द्यायचंय, बापाच्या जनुकांना मात्र आपल्याच बीसाठी जास्त ओढायचंय. संचांच्या प्रयोगाला हे छान लागू पडतं. पण दाण्याच्या जांभळेपणात कसली आलीय ओढाताण? इम्प्रिंटिंग झालेली बरीच जनुकं ट्रान्सपोझॉनजवळ, म्हणजे जागा बदलणाऱ्या आणि पेशी मिथाइलच्या खुणांनी गप्प ठेवते अशा डीएनएच्या तुकड्यांजवळ सापडतात, म्हणून काही जनुकं निव्वळ शेजारामुळे यात सापडली असावीत असं मला वाटतं.

राहता राहिला मेंडेल. तुमच्या ठिपकेदार दाण्यांपैकी एक पेरा. त्या झाडाला आई करा आणि बिनरंगी मक्याचा पराग टाका. कणसात साधारण निम्मे दाणे बिनरंगी निघतील, मेंडेलच्या हिशेबाप्रमाणे. उरलेले निम्मे निघतील गच्च जांभळे, ठिपक्यांचा मागमूसही नाही, कारण गेल्या वेळी बापाकडून आलेलं तेच जनुक आता आईकडून आलंय.