नील कॅसडीने स्वतः फारसं लिहिलं नाही, मग बीट साहित्यात (1950 च्या दशकातल्या अमेरिकन बंडखोर लेखकांच्या चळवळीत) त्याचं एवढं नाव का?

कारण त्याच्यावर इतरांनी भरपूर लिहिलं! जॅक केरुआकच्या 'ऑन द रोड' या कादंबरीतला (1957) डीन मोरियार्टी म्हणजे हाच. कवी ॲलन गिन्सबर्गच्या 'हाऊल' या दीर्घकवितेतही तो आद्याक्षरांनिशी आहे.

डेन्व्हरमध्ये दारुड्या बापासोबत वाढलेला, गाड्या चोरून सुधारगृहात गेलेला हा पोरगा. पण माझ्या मते त्याची खरी करामत पत्रांत आहे. डिसेंबर 1950 मध्ये त्याने केरुआकला एक लांबलचक पत्र पाठवलं: धापा टाकत सांगितल्यासारखं, विषयावरून विषयावर उड्या मारणारं. ते वाचून केरुआकने आपली लेखनशैलीच बदलली, असं तो स्वतः सांगायचा. हे पत्र बोटीवरून पाण्यात पडलं अशी दंतकथा होती. प्रत्यक्षात ते एका बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेच्या जुन्या कागदांत सापडलं.

पुढे गांजापायी सॅन क्वेंटिनचा तुरुंग झाला, 1964 मध्ये लेखक केन कीझीच्या रंगीबेरंगी बसचं स्टिअरिंग हाती आलं. घर आणि तीन मुलं मात्र बायको कॅरोलिनने ओढली. चाहते हे सोयीस्करपणे विसरतात. फेब्रुवारी 1968 मध्ये मेक्सिकोत रेल्वेरुळाजवळ तो बेशुद्ध सापडला आणि गेला, बेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. अर्धवट आत्मचरित्र 1971 मध्ये छापलं गेलं.