प्रश्न तुमचे : पुढची गोष्ट की आधीची?

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मोबाइलसाठी एक छोटा गेम केला. २०१५चा सिंहस्थ, रामकुंडावरची गर्दी, आणि पंधरा वर्षांची बहीण हरवलेल्या सात वर्षांच्या भावाला शोधतेय. टॉर्च, नकाशा, फोटो, सगळं तिच्या फोनवर. शेवट तीन आहेत. दुसरा भाग २००३च्या सिंहस्थात नेऊन प्रीक्वेल करावा की २०२७चा सिक्वेल?
– पंचवटी, नाशिक

उत्तर : सिक्वेल. प्रीक्वेल खुणावतोय तो बहुधा त्या तीन शेवटांमुळे. मागे गेलं की खरा शेवट कुठला, हे ठरवायला नको! पण २००३मध्ये तिच्या हातात स्मार्टफोन नाही. टॉर्चच्या जागी बॅटरी चालेल, पण नकाशाच्या जागी विचारपूस आली की संवाद कितीतरी पटीने लिहावे लागतील. ‘ड्यूस एक्स’ची उलटी अडचण झाली होती. २००० साली आलेला मूळ गेम २०५२मध्ये घडतो आणि २०११चा प्रीक्वेल २०२७मध्ये, तरी चकचकीत दिसतं ते प्रीक्वेलमधलंच जग.

शिवाय २००३ला नायिका तीन वर्षांची, भाऊ जन्मलेलाच नाही. ती २०१५पर्यंत सुखरूप आहे हे खेळणाऱ्याला ठाऊक, मग धाकधूक कसली? ‘हॅलो : रीच’ने (२०१०) यावर चांगली तोड काढली. रीच ग्रह शत्रूच्या हाती पडणार हे जुन्या खेळाडूंना माहीत होतं, म्हणून तुकडी नवी दिली. शेवटी पडद्यावर एकच आदेश येतो, जिवंत राहा, आणि ते शक्य नसतं. प्रीक्वेल करायचाच तर असा नवा नायक हवा.

नकाशाचा हिशोबही बघा. दुतोंड्या मारुती, नारोशंकराची घंटा दोन्हीकडे जशीच्या तशी चालेल. पण २००३साठी घाट, गाड्या, फलक, गर्दीचे कपडे नव्याने करावे लागतील. २०२७साठी बरंचसं तयार आहे, फक्त भर घालायची.

आता तीन शेवट. ‘ड्यूस एक्स : इन्व्हिजिबल वॉर’ने (२००३) पहिल्या भागाचे तिन्ही शेवट एकत्र कालवले. तसं करू नका, तुमच्या निर्णयाने काही फरक पडला नाही असंच खेळणाऱ्याला वाटतं. ‘विचर ३’ (२०१५) बघा : नायक गेराल्टची दाढी चालू असताना एक उमराव मागच्या भागात काय काय केलं ते विचारतो, आणि उत्तरं पुढे लागू होतात. तुमच्याकडे तर हरवले-सापडले केंद्र आयतंच आहे. टेबलामागचा माणूस फॉर्म भरताना तीन प्रश्न विचारेल. प्रत्येकाला दोनच उत्तरं ठेवा, तरी २ × २ × २ म्हणजे आठ जगं होतात. म्हणून फरक संवादांत आणि फार तर एका पात्राच्या असण्या-नसण्यात दाखवा, नकाशात नको. जुनी सेव्ह फाइल (पहिला भाग कसा खेळला याची फोनमधली नोंद) वाचायच्या फंदात पडू नका. लोक फोन बदलतात, फाइल जाते. आणि तुम्ही डेटाची रचना बदललीत तर शिल्लक फाइलही उघडत नाही.

प्रश्न : ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा गेम कुठून सुरू करू? दुसरा भाग आधीची गोष्ट सांगतो म्हणे.
– नाशिकरोड

उत्तर : पहिल्यापासून. २०१०च्या पहिल्या भागात १९११ची गोष्ट आहे, २०१८च्या दुसऱ्यात १८९९पासूनची. कालक्रमाने खेळलात तर दुसऱ्याची सफाई बघून पहिल्याकडे वळताना हालचाली जुनाट वाटतात, आणि बरेच जण तिथेच सोडतात. उलट पहिल्याचा नायक जॉन मार्स्टन, त्याचं पुढे काय होतं हे माहीत असलं की दुसऱ्याचा उपसंहार जास्त लागतो. (काय होतं ते इथे सांगत नाही.) दुसऱ्याचा नायक आर्थर मॉर्गन, त्याचं नाव पहिल्यात शोधू नका, तो नंतर रचलेला आहे. पीसीवर पहिल्याला १२ जीबी जागा पुरते, दुसऱ्यासाठी १५० जीबी मोकळी ठेवा.