कोर्टाने माझ्या ९ वर्षांच्या मुलीसाठी वेगळा वकील नेमलाय. तो नक्की कुणाचा असतो, मुलीला काय शिकवून पाठवू आणि फी कोण देतं?

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण मलाही असंच शिकवून पाठवलं होतं.

शिकवू नका. एक वाक्यसुद्धा शिकवू नका.

मी १० वर्षांची होते आणि भाऊ ५ वर्षांचा. आईबाबांची केस दीडेक वर्ष चालली होती, आम्ही दोघं तेव्हा बाबांसोबत आत्याकडे राहायचो आणि आमच्या ताब्यावरून कुणीच एक पाऊल मागे घेत नव्हतं, तेव्हा कोर्टाने आम्हा मुलांसाठी एक वकीलबाई नेमल्या. आदल्या रात्री आत्याने वेणी घालता घालता माझ्याकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली. बाबांकडे माझा अभ्यास नीट होतो. मला शाळा बदलायची नाही. मला इथे सुरक्षित वाटतं. आता तुम्हीच सांगा, १० वर्षांचं कुठलं पोर आपणहून 'सुरक्षित वाटतं' म्हणतं? पोर म्हणेल भीती वाटत नाही, किंवा काहीच म्हणणार नाही.

कोर्टातच मागच्या बाजूला एक खोली होती, भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे, आणि मला दिलेली खुर्ची इतकी उंच की पाय खाली टेकत नव्हते. बाईंनी शाळेचं विचारलं, मी तीन वाक्यं म्हटली, त्यांनी ती लांबट वहीत लिहून घेतली. मग 'अजून काही सांगायचंय?' म्हणाल्या. तेव्हा मी माझं वाक्य बोलले. 'जिथे छोटू तिथे मी, मग कुठेही चालेल.' तोवर त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं. हसल्या, डोक्यावरून हात फिरवला, झालं. वीस मिनिटं झाली असतील. त्यानंतर त्या मला कधीच भेटल्या नाहीत, निकाल काय लागला तेही त्यांच्याकडून नाही, आत्याकडून कळलं. मी बाबांकडे, छोटू आईकडे, आणि एक रविवार सोडून एक रविवार भेट.

भेट संपत आली की तो माझी एक चप्पल लपवायचा. दोन्ही नाही, एकच. पलंगाखाली, कपाटामागे, एकदा तर पाण्याच्या पिंपात. चप्पल सापडेपर्यंतची दहा मिनिटं त्याला जास्तीची मिळायची आणि हे मला माहीत होतं म्हणून मीही सावकाश शोधायचे.

२४ व्या वर्षी त्या वकीलबाईंनी कोर्टाला दिलेला रिपोर्ट माझ्या हाताला लागला. आत्याची तिन्ही वाक्यं त्यात होती, जवळपास शब्दाला शब्द, आणि वर लिहिलं होतं 'मुलीने स्पष्टपणे व्यक्त केलेली इच्छा'. भावाबद्दल माझं म्हणून एक अक्षर नाही. पढवलेलं सगळं पोचलं, माझं जे होतं ते राहिलं. म्हणून सांगतेय. तुम्हाला वाटत असेल की आपण शिकवलं नाही तर समोरचा शिकवेल आणि आपण मागे पडू, तर ती भीती मला कळते, पण पढवलेलं पोर अनुभवी वकिलाला लगेच ओळखू येतं, मोठ्यांचे शब्द, एकाच चालीत, मधेच कुणी थांबवलं की गोंधळ. आणि समोर अनुभवी वकील नसला तर आणखी वाईट, मग माझ्यासारखं होतं.

आता वकील कुणाचा. तर मुलीचाच, पण त्यात दोन प्रकार आहेत आणि मुलीसाठी वकील म्हटलं की लोक ते दोन्ही एकच समजतात. एक वकील मुलाचं म्हणणं मांडतो, जसा तुमचा वकील तुमचं मांडतो. दुसरा मुलाच्या हिताचं काय ते स्वतः ठरवतो आणि ते मांडतो. न्यूयॉर्कमध्ये २००७ पासून नियमच आहे की ज्या मुलाला समजून-उमजून मत बनवता येतं त्याच्या वकिलाने मुलाच्या इच्छेप्रमाणे चालायचं, वकिलाला स्वतःला ती इच्छा पटत नसली तरी, अपवाद म्हणजे त्यातून मुलाला गंभीर इजा होण्याचा धोका समोर दिसत असेल तर. ऑस्ट्रेलियात उलट आहे. तिथला मुलांचा वकील मुलाच्या सूचनांना बांधलेला नाही, तो पुरावा बघून हिताचं मत बनवतो, पण मूल जे बोललं ते त्याला कोर्टापुढे पूर्ण ठेवावंच लागतं. आणि मे २०२४ पासून तिथे त्याने मुलाला प्रत्यक्ष भेटणंही बंधनकारक केलंय, मूल ५ वर्षांखालचं असेल किंवा त्यालाच भेटायचं नसेल असे थोडे अपवाद सोडून. म्हणजे तोवर भेटायची सुद्धा सक्ती नव्हती, विचार करा! जर्मनीत २०२१ पासून निकाल लागल्यावर मुलासाठी नेमलेल्या माणसाने तो निकाल मुलासोबत बसून बोलावा असं कायद्यातच लिहिलंय. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते.

भारतात मुलाला वकील मिळालाच पाहिजे असा सरसकट नियम ताब्याच्या केसमध्ये नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात एवढंच आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, घ्यायलाच हवी असं नाही. कौटुंबिक न्यायालयं बऱ्याचदा समुपदेशकाकडून बोलून घेतात किंवा जज स्वतः चेंबरमध्ये मुलाशी बोलतात. दक्षिण आफ्रिकेने मात्र १९९६ च्या राज्यघटनेतच घातलंय की मुलाशी संबंधित दिवाणी केसमध्ये वकिलाशिवाय मोठा अन्याय होणार असेल तर सरकारी खर्चाने मुलाला वकील द्यायचा.

तर तुमच्या वकिलामार्फत आधी हे विचारून घ्या की नेमणुकीच्या आदेशात काय लिहिलंय, तिचं म्हणणं मांडायचंय की तिचं हित. दुसरं, मुलीचा वकील तिला किती वेळा भेटणार आणि कुठे. एका भेटीत मूल मोकळं होत नाही, दुसऱ्या भेटीत झालं तर झालं. परस्पर त्याला फोन करू नका, दबाव आणताय असं दिसतं आणि ते तुमच्याच अंगाशी येतं. त्याला तुमच्याशी बोलायचं असेलच, तो रीतसर बोलावेल.

माझे मामा या विषयावर आजही माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, १० वर्षांच्या पोराला काय कळतं, बाईंनी तुझं भलंच केलं, शिकलीस, नोकरीला लागलीस, अजून काय हवं होतं. दर लग्नकार्यात हे एकदा होतंच. मी त्यांना हजारदा सांगितलंय की निकाल माझ्या मनासारखा लागायला हवा होता असं मी म्हणतच नाहीये. जजनी माझं वाक्य वाचून, विचार करून, तरीही आम्हाला वेगळं ठेवलं असतं तर ते मी गिळलं असतं. आई कामावर जायची, दोघांना एकटीने सांभाळणं जमलं नसतं असंही असेल. पण ते वाक्य तिथवर गेलंच नाही. बाईंना वाटत होतं ना माझं हित बाबांकडे आहे, तर त्यांनी लिहायचं होतं, मुलगी भावासोबत राहायचं म्हणते, माझं मत वेगळं आहे, कारण असं असं. दोन ओळी. तेवढ्यासाठी लहान मुलाचा वकील असतो, नाहीतर हित बघायला जज आहेतच की! संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम हेच सांगतं, मुलाशी संबंधित कोर्टाच्या कामात त्याला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत म्हणणं मांडायची संधी हवी. मामांना मी ते कलम वाचून दाखवलं तर म्हणाले, करार परदेशातला आहे. भारताने १९९२ मध्येच तो मान्य केलाय, मामा.

दोन गोष्टी राहिल्या. आई हवी की बाबा, असं मुलीला कुणीच विचारू नये, वकिलानेही नाही, तुम्ही तर नाहीच. म्हणणं ऐकणं वेगळं आणि निवड तिच्या डोक्यावर टाकणं वेगळं. आणि घरात मारहाण किंवा तसला काही प्रकार असेल तर मी वर जे 'शिकवू नका' म्हणतेय ते मुलीपुरतंच, तुम्ही स्वतः ते ताबडतोब तुमच्या वकिलामार्फत कोर्टासमोर आणा, मुलीच्या तोंडून यायची वाट बघू नका.

फी जागेप्रमाणे बदलते, कुठे सरकार देतं, कुठे कोर्ट दोन्ही पालकांत वाटून देतं. भारतात १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मुलाला मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही, तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. तुम्हाला अर्धी फी भरावी लागली तरी त्याने काय मांडायचं हे तुम्ही सांगू शकत नाही.

भेटीच्या दिवशी तिला खोलीत सोडलंत की लांब जाऊन बसा, दुसऱ्या मजल्यावर, बाहेर, कुठेही. आत्या दारालाच टेकून उभी होती, दाराखालच्या फटीतून तिची सावली मला खुर्चीवरून दिसत होती. छोटूचं ते वाक्य म्हणूनच मी अगदी हळू बोलले होते.