रबराआधी बिजागरी तपासा

आपल्या जुन्या हार्डटॉप जिप्सीच्या दारांचे रबर कडक होऊन चिरले आहे, नान्नजकडच्या कच्च्या रस्त्याने गेल्यावर आसनांवर धुळीचा थर बसतो, आणि हे काम घरी जमेल का, असे आपण विचारले आहे. जमते, मात्र मी स्वतः एकाच उन्हाळ्यात दोनदा नवे रबर बसवूनही धूळ खाल्ली आहे, कारण बिजागरीची पिन झिजून दार मागच्या बाजूने खाली उतरले होते आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात फट राहत होती.

म्हणून आधी दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलून पाहावे. खुळखुळले तर रबर घेण्यापूर्वी बिजागरीचे काम करून घ्यावे. त्यानंतर वर्तमानपत्राची पट्टी चौकटीवर ठेवून दार लावावे आणि ती ओढावी. दर वीतभर अंतरावर असे केले की रबर कुठे दाबले जात नाही ते कळते. धुळीच्या प्रवासानंतर चौकट लगेच पुसू नये, कारण रबर ओलांडून आत गेलेल्या मातीच्या रेघा गळतीची जागा नेमकी दाखवतात.

दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत न्यावा. पोकळ गोलाई जाड असलेले रबर चांगले, हा समज चुकीचा आहे. त्याने दार आपटावे लागते आणि कुलूप झिजते. चिकटपट्टीची स्पंज तर सोलापूरच्या उन्हात घसरतेच, तिच्यावर पैसे घालवू नयेत.

जुने रबर ओढून काढल्यावर पत्र्याची कड गंजलेली दिसली, तर पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड व रंग लावावा आणि रात्रभर वाळू द्यावा. आत पत्र्याची पकड असलेल्या रबराला सोल्युशन लागत नाही. सुरुवात खालच्या कडेच्या मध्यावरून करावी, रबर कुठेही ताणू नये, कोपऱ्यांत तर किंचित आत ढकलत न्यावे, आणि शेवटी सेंटीमीटरभर जास्त ठेवून कापून सांधा दाबून बसवावा. ताणलेले रबर पुढे आखडते आणि सांधा उघडतो. सोल्युशनचा प्रकार असेल, तर काम सकाळी सावलीत करावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्यावर ते चिकटण्याआधीच वाळते.

पहिले काही दिवस दार जड लागेल, त्यासाठी स्ट्रायकर, म्हणजे दाराचे कुलूप अडकते ती चौकटीवरची खुंटी, लगेच हलवू नये. रबराला तेल, ग्रीस किंवा डिझेल लावू नये, त्याने ईपीडीएम, म्हणजे दारांसाठी वापरतात ते कृत्रिम रबर, फुगते, सिलिकॉनचा फवारा चालतो. दाराच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रेही तारेने मोकळी करावीत, नाहीतर काचेवरून उतरलेले पाणी दारातच साचून आत झिरपते आणि दोष नव्या रबराला लागतो.